टीटी घेतलंस का?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलीस. आईने तुझ्यासाठी बांधलेल्या पोळ्या रात्री मीच संपवल्या. भांडण उकरून काढायला लिहीत नाही. तळहात कसा आहे, एवढंच विचारायचंय. पत्र्याने कापलंय, तेही जुन्या बाजारात चिखलात पडलेल्या डब्याच्या. टीटीचं इंजेक्शन घेतलंस का?

तू जमवलेलं पोतं भंगारवाल्याला दिलं, ते माझं चुकलं. गंजकी बिजागरं, बरण्यांची झाकणं, कोणाला हवीत, असं वाटलं. एकशे दहा रुपये आले. फ्रिजवर तसेच पडलेत, खर्च करवत नाहीत.

काल पलंगाखाली तू जुन्या वस्तू मांडून केलेली पेटी दिसली. अक्काच्या शिलाई मशीनचा खण आहे, पितळी मुठीवरून ओळखला. चष्मा लावून बघत बसलो. आजीचा अडकित्ता उघडा ठेवलायस, पात्यांमध्ये एसटीचं तिकीट, आणि वर अण्णांचा तिकिटं टोचायचा पंच. हा तुला कुठे सापडला? रिटायर होताना हरवला म्हणून अण्णांनी डेपोत पैसे भरले होते! गाडीत गर्दी असली की अण्णा दिसायचे नाहीत, टिकटिक तेवढी पुढे सरकत यायची. त्यांच्या खाकी खिशातून तिकिटांचे बारीक गोल तुकडे निघायचे, धुणं धुताना आजी वैतागायची. तू ते तुकडेसुद्धा तळाशी पसरलेस. हे तुला कोणी सांगितलं? मी तर कधी बोललो नव्हतो.

पंच मात्र फेव्हिकॉलने चिकटवलायस. अगं, फेव्हिकॉल लाकडाला. लोखंडाला अ‍ॅराल्डाइट आण, दोन्ही ट्यूब सारख्या पिळ, आधी पॉलिश पेपरने दोन्ही अंगं खरवडून घे आणि रात्रभर हात लावू नकोस. एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत, एवढं तरी ऐक. पत्रा कापताना हातमोजे घाल. धनुर्वात गंजाने होत नाही, त्यावरच्या मातीने होतो. तुझं शेवटचं इंजेक्शन दहावीत झालं, सायकलवरून पडलीस तेव्हा. मळकी जखम असली की पाच वर्षांनंतर पुन्हा घ्यावं लागतं.

चंदीगडला गेलो तेव्हा तू सहावीत होतीस. रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांच्या पुतळ्यांसमोरून हलेनास, आपली गाडी चुकता चुकता राहिली. ती बाग उभी करणारे नेकचंद साधे रोड इन्स्पेक्टर. पाडलेल्या घरांचा राडारोडा सायकलवरून आणून सरकारी जागेत चोरून मांडायचे. 1976 ला बाग लोकांना खुली झाली, 1984 ला पद्मश्री मिळाली. पण त्यांनी नोकरी सोडली नव्हती मनू! तू तर ऑफिसात राजीनामा टाकून... बघ, लागलो पुन्हा. पेनने लिहितोय, खोडलं तरी तू वाचशीलच. माफ कर.

शेजारच्या जोशींना पेटी दाखवली. ते म्हणाले, किती किंमत येईल याची? मी म्हटलं, विकायची नाहीये. विचारायला हवं होतं ना तुला?

खालचा उजवा कप्पा रिकामा आहे. मुद्दाम ठेवलायस की राहिलाय? माझा दहा-अकराचा पाना घालून पाहिला. अर्धा इंच लांब पडतो. कापायचा नाही हं तो.

आणि इंजेक्शन घेतलंस की दवाखान्याच्या चिठ्ठीचा फोटो टाक. नुसतं ‘हो बाबा’ चालणार नाही.

तुझा,
बाबा