दोन बर्नर, दोन दुखणी

कवळे, फोंडा (गोवा)

चि. मृणाल हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॅम्परमधल्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या) शेगडीचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. सिलिंडर बदलावा असे तुझ्या बाबांचे मत पडले. आपल्या घरात शेगडी कुरकुरली की आळ सिलिंडरवरच येतो. मला मात्र तसे वाटत नाही. डावीकडची ज्योत निळी आहे पण बुटकी, आणि उजवीकडचीही बुटकीच, शिवाय पिवळी, हेलकावणारी, भांड्याला काजळी धरणारी. बुटकी निळी ज्योत दिसली की गॅस कमी येतो आहे असे समजावे, आणि पिवळी दिसली की हवा कमी पडते आहे असे. ही दोन निराळी दुखणी आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे.

आधी गॅसचे बघ. शेगडीत हवा कोणी फुंकत नाही. जेटच्या बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा प्रोपेनच (तुझ्या सिलिंडरमधला गॅस) बर्नरच्या नळीत हवा ओढून घेतो. एक भाग प्रोपेन पुरता जळायला पाच भाग ऑक्सिजन, म्हणजे सुमारे चोवीस भाग हवा लागते. (हे समीकरण तू बारावीला माझ्याच वर्गात सोडवले होतेस.) गॅसचा दाब कमी झाला की ही ओढही मंदावते, म्हणून दाब ठीक होण्याआधी हवेची झडप फिरवत बसलीस, तर नंतर ती पुन्हा फिरवावी लागेल.

दोन्ही बर्नर एकाच वेळी मंद असतील, तर दोष बर्नरच्या अलीकडे, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळी यांत असतो. तुमच्याकडच्या सिलिंडरची हाताने आवळायची जोडणी गॅस एकदम धावला की कुठेतरी गळती झाली असे समजते आणि जेमतेम धार सोडते. शेगडीचा नॉब उघडा असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्याने उघडला तरी हेच घडते, आणि सिलिंडर भरलेला असूनही ज्योत बुटकी राहते. माझा पहिला संशय यावरच आहे. सगळे नॉब बंद कर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर, जोडणी सोडव, थोडा वेळ जाऊ दे, पुन्हा घट्ट जोड आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघड. शेगडी त्यानंतरच पेटव. एवढ्यानेही ज्योत उंचावली नाही, तर रेग्युलेटर उघडू नकोस. त्यातून साधारण २८ मिलिबार दाब बाहेर यायला हवा आणि तो मोजायला मापक लागते. ते काम परवाना असलेल्या माणसाचे.

थंडीला बोल लावू नकोस. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे तुमच्याकडच्या शरद ऋतूत त्याची वाफ व्हायला अडचण नाही. सिलिंडर तळाला आला असेल आणि त्यावर दव किंवा हिम धरत असेल, तेव्हाच दाब घसरल्याची शंका घ्यावी. तसेच कॅनडातल्या बॅन्फसारख्या सुमारे १,४०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते; तिथे डाळ शिजायला वेळ लागला तर तो शेगडीचा दोष नव्हे.

आता उजवा बर्नर. तुझा कॅम्पर हिवाळाभर बंद उभा होता, आणि बंद शेगडीच्या नळीत कोळी हमखास जाळे विणतो. इकडे कोळ्याचे काम कुंभारीण माशी करते: चवथीला नेवऱ्या तळण्यासाठी माळ्यावरून जादा शेगडी काढली की तिच्या नळीतून मातीचे घर निघायचेच, आणि ते काढेपर्यंत कढईचा तळ काळा होत राहायचा. सिलिंडर बंद करून, बर्नर निवल्यावर तो उचल, नळीत बारीक ब्रश फिरव आणि जाळे, गंज, सांडलेल्या दुधाची खपली सारे बाहेर काढ. जेट मात्र सुईने किंवा तारेने टोकरू नकोस. ते पितळेचे असते. छिद्र किंचित मोठे झाले तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. जेट काढून स्पिरिटमध्ये भिजव आणि पंपाच्या हवेने साफ कर. हे सगळे झाल्यावर हवेच्या झडपेला हात लाव: पिवळेपणा जाईपर्यंत ती हळूहळू उघड, आणि ज्योत फुरफुरत बर्नरवरून उचलली जाऊ लागली की थोडी मिटव.

जोडण्या परत आवळल्यावर साबणाचे पाणी लाव. फुगे आले तर शेगडी पेटवायची नाही. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तो खिडकीतून निघून न जाता कॅम्परच्या तळाशी साचतो. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो आणि त्याला वास नसतो. तेव्हा उजवा बर्नर दुरुस्त होईपर्यंत वापरू नकोस, डाव्यावर रांधतानाही खिडकी उघडी ठेव, थंडी वाजते म्हणून शेगडीवर ऊब घेत बसू नकोस, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असेल तर त्याची मुदत संपली नाही ना, हे त्याच्या पाठीवर छापलेल्या तारखेवरून आजच पाहून घे.

तुझी,
आई