ज्युदोत आधी पडायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी शिबिरांत ज्युदो शिकवतात ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मुलांना एकमेकांना पाडायला लावले जात असेल, तर ते थांबले पाहिजे. ज्युदोचा पहिला धडा पाडण्याचा नाही, पडण्याचा आहे. जपानी भाषेत त्याला 'उकेमी' म्हणतात.

सर्वांत जपावे ते ओसोतो-गारी या डावाला. प्रतिस्पर्ध्याच्या पायामागे आपला पाय घालून तो झाडायचा, की माणूस सरळ पाठीवर जातो. डाव सोपा दिसतो, म्हणून तो लवकर शिकवला जातो. मान ढिली असेल तर डोक्याची मागची बाजू मॅटवर आपटते. डोके आपटले नाही तरी जोराच्या हिसक्याने मेंदू कवटीत हलतो, शिरा तुटून आत रक्त साचू शकते. जपानमधील शाळांत ज्युदो खेळताना मुलांच्या डोक्याला जिवावर बेतणाऱ्या इजा झाल्या, त्यांत नवशिकी मुले मोठ्या संख्येने होती आणि याच डावाचे नाव वारंवार आले. २०१२ पासून तिथे माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, तेव्हा पालकांची काळजी हीच होती.

मागे पडण्याचा सराव झोपूनच सुरू करावा. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून श्वास सोडत मॅटवर मारायचे. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर असावेत आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम टेकला पाहिजे. हात खांद्याच्या रेषेत गेले तर खांदा दुखावतो, नुसते कोपर आधी टेकले तर सगळा मार तिथेच बसतो. हे अंगवळणी पडले की बसून, मग उकिडवे, शेवटी उभ्याने. घाई नको.

हनुवटीखाली घडी घातलेला रुमाल धरायला सांगा. पडताना रुमाल सुटला, तर मान सैल पडली असे समजावे. दमलेल्या मुलाचा रुमाल हमखास सुटतो, म्हणून ही तपासणी सरावाच्या शेवटीही व्हावी.

दुसरी सवय मोडायला जास्त वेळ लागते. तोल गेला की हात आपोआप मागे टेकायला जातो. सगळे वजन त्या ताठ हातावर येते आणि मनगट, कोपर किंवा गळ्याचे हाड मोडते. निसरड्या फरशीवर घसरणाऱ्या मोठ्या माणसाचेही असेच होते. हात मागे टेकण्याची ही सवय शंभरदा नीट पडूनच थांबते, सांगून थांबत नाही.

पाडणाऱ्याचीही जबाबदारी असते. त्याने जोडीदाराची बाही शेवटपर्यंत धरून वर ओढायची, म्हणजे पडण्याचा वेग कमी होतो आणि डोके उचललेले राहते. बाही सोडून देणाऱ्या मुलाला पुढचा डाव शिकवू नये.

दहा दिवसांच्या शिबिरात उकेमी आणि जमिनीवरची केसा-गातामे ही पकड एवढे पुरे. मुलांना त्यातही भरपूर मजा येते. पालकांनी प्रवेश घेताना विचारावे, की उभ्याने पाडणे कितव्या दिवशी सुरू होते. आणि डोक्याला मार लागल्यावर मूल डोके दुखते म्हणाले, उलटी झाली किंवा पेंगुळले, तर सराव तिथेच थांबवून त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

आपले,
ज्युदो प्रशिक्षक, पुणे