सॉफ्टवेअर बदलतं, पुस्तकांच्या नोंदी टिकल्या पाहिजेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रंथालय ऑनलाइन झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा बरंच वाटतं, पण त्यात बारकोड लागले, पुस्तकातली चिप ओळखणारं आरएफआयडी गेट बसलं, नवीन कॉम्प्युटर आले एवढंच असतं. पुस्तकांचा डेटा कुठल्या फॉरमॅटमधे ठेवलाय आणि तो उद्या बाहेर काढता येईल का, हे कोणी विचारतच नाही. मी ग्रंथालयात तांत्रिक काम बघतो आणि मला कळकळीने सांगायचंय की सॉफ्टवेअरची निवड करताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे. सॉफ्टवेअर आज ना उद्या बदलणारच, कंपनी बंद पडेल, सपोर्ट थांबेल, पण एकेक पुस्तक हातात घेऊन वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी परत कोण करणार?

जुन्या सिस्टिममधून डेटा मागितला की बहुतेक वेळा एक एक्सेल फाइल हातात येते. ती उघडली की पुस्तकाचं नाव, उपशीर्षक, लेखक, अनुवादक, आवृत्ती सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं, कुठे स्वल्पविराम, कुठे तिरकी रेघ, कुठे काहीच नाही. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा रकाना बघितला तर तेरा आकड्यांच्या जागी ९.७८ई+१२ असं काहीतरी, आणि तशीच सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून सेव्ह केली की मूळ आकडे कायमचे गेले. जुने दहा आकडी नंबर शून्याने सुरू होत असतील तर ते शून्यही गायब. आता हजारो ओळींमधून लेखक कुठे संपतो आणि अनुवादक कुठे सुरू होतो हे माणसानेच बसून ठरवायचं, दुसरा इलाज नाही.

हे टाळायची सोय कधीपासूनच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे हेन्रिएट अवराम या बाईंनी १९६० च्या दशकात मार्क फॉरमॅट, म्हणजे पुस्तकाची नोंद कॉम्प्युटरला वाचता येईल अशी ठरलेल्या रचनेत लिहायची पद्धत, उभा केला, आणि त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रामर होत्या. १९९९ मधे अमेरिका आणि कॅनडाचे मार्क एकत्र करून मार्क २१ आलं. त्यात प्रत्येक माहितीच्या रकान्याला, म्हणजे फिल्डला, नंबर आहे आणि आत अक्षरांचे उपरकाने आहेत: २४५ या फिल्डमधे शीर्षक, त्याच्या ए मधे मुख्य नाव, बी मधे उपशीर्षक, सी मधे लेखक-अनुवादकांचा उल्लेख, शिवाय मुख्य लेखक वेगळा १०० मधे, बाकीचे ७०० मधे. दिसायला किचकट आहे, मान्य, पण प्रत्येक गोष्टीला जागा ठरलेली असल्यामुळे कुठलंही मार्क समजणारं सॉफ्टवेअर ती नोंद वाचू शकतं. आणि यासाठी महागडंच सॉफ्टवेअर लागतं असंही नाही, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि २००० साली सुरू झालेलं कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल असं आहे आणि ते मार्कवरच चालतं.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर जास्तच काळजी घ्यायला हवी. जुन्या फॉन्टमधे टाइप केलेल्या नोंदी तो फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून सगळं आधी युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही फॉन्टमधे अक्षर तेच राहील अशा ठरलेल्या संकेतांत आणावं लागतं. मार्क रेकॉर्डच्या सुरुवातीला लीडर नावाचा, त्या नोंदीबद्दलच्या खुणांचा चोवीस अक्षरांचा भाग असतो, त्यात एका ठरलेल्या जागी 'ए' असेल तर मजकूर युनिकोडमधे आहे असं समजतात, ती खूण चुकली की चांगला डेटासुद्धा इंपोर्ट करताना बिघडू शकतो. आणि युनिकोड झालं म्हणजे संपलं असंही नाही. 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन वेगळ्या पद्धतीने टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो पण कॉम्प्युटरला वेगळा, त्यामुळे सॉफ्टवेअरने ते दोन्ही एकच धरायची व्यवस्था केलेली नसेल तर पुस्तक कपाटात असूनही सर्चमधे येत नाही आणि वाचक नाही म्हणून निघून जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा भाग म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकांशी बोलणं, त्यासाठी ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल असतात. झेड३९.५० असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातली तयार नोंद ओढून घेता येते, ओएआय-पीएमएच असेल तर आपल्या नोंदी सामायिक कॅटलॉगला देता येतात. पुस्तक स्वतःच इश्यू करायचं मशिन ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरशी सहसा एसआयपी२ या प्रोटोकॉलने बोलतं, पण त्यात एक लक्षात ठेवा की त्याचे मेसेज साध्या मजकुरात जातात, सभासदाचा नंबर आणि पासवर्डसुद्धा, त्यामुळे ते कनेक्शन एन्क्रिप्ट केल्याशिवाय, म्हणजे मधे कोणाला वाचता येणार नाही असं सांकेतिक केल्याशिवाय, चालू करू देऊ नका. विक्रेते ब्रोशरमधे 'स्टँडर्ड सपोर्टेड' लिहितात, पण कुठलं स्टँडर्ड, नोंदी फक्त आत येतात की बाहेरही जातात, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे खोदून विचारल्याशिवाय कळत नाही.

सभासदांची माहिती, देवघेवीचा हिशेब, दंड हे पुस्तकाच्या मार्क नोंदीत येतच नाही, म्हणून करारातच लिहून घ्या की हा सगळा डेटा रकान्यांच्या स्पष्टीकरणासकट आणि वेगळे पैसे न घेता मागेल तेव्हा मिळेल. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दोनेकशे नोंदी मार्कमधे एक्सपोर्ट करून दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमधे घालून बघा, त्यात मराठी, इंग्रजी, अनुवादित, अनेक खंडांची आणि आयएसबीएन नसलेली जुनी पुस्तकं मुद्दाम निवडा, कारण गडबड होते ती तिथेच. व्यवस्थापन समितीत तांत्रिक माणूस नसला तरी हे प्रत्येकाला बघता येतं, शीर्षकाच्या जागी शीर्षक आलं का आणि मराठी नीट दिसतंय का एवढंच तर बघायचंय.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी