‘निपल उघडला होता का?’ या प्रश्नाबद्दल आभार

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गाडीला नवे ब्रेक पॅड बसवल्यावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं की जो तो एअर काढायला, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढायला बसतो. तुम्ही मात्र आधी विचारलंत, “निपल उघडला होता का?” त्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. (निपल म्हणजे कॅलिपरवरचा, हवा सोडायचा छोटा स्क्रू; कॅलिपर म्हणजे चाकाजवळचा, पॅड धरणारा भाग.) पॅड बदलताना पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) नुसता मागे ढकलला जातो, ऑइलची लाइन उघडतच नाही. मग हवा शिरणार कुठून?

सुरुवातीला पेडल खाली जाणारच, कारण पिस्टन अजून पॅडला टेकलेला नसतो. गाडी हलवण्याआधी पेडल मारत राहायचं, पण अर्ध्यापर्यंतच, हे तुम्ही बजावून सांगितलंत. जुन्या मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) टोकाला गंज असू शकतो. पेडल तळाला नेलं की आतला रबरी सील तिथे घासून फाटू शकतो.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं, तर पॅडचे कान, म्हणजे ब्रॅकेटच्या खाचेत बसणारी त्याची टोकं, बघायचे. ब्रॅकेटच्या खाचेत गंज उरला की पॅड तिरका बसतो आणि पेडलचा पहिला दाब त्याला सरळ करण्यातच जातो. वायर ब्रशने खाच घासल्यावर पॅड बोटांनी सरकला पाहिजे, ही तुमची खूण अचूक आहे. स्लाइड पिनला (जिच्यावर कॅलिपर सरकतो तिला) सिलिकॉन ग्रीसच हवं, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

सगळ्यात मोलाचं शिकवलंत ते चाक जाम झाल्यावरचं. जाम चाक जॅकवर घेऊन निपल किंचित सैल करायचा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब वरून अडकलाय. बहुतेकदा ऑइलची रबरी नळी (होज) आतून फुगलेली असते: ऑइल जातं, परत येत नाही. मोकळं झालंच नाही तर पिस्टन किंवा पिन अडकलीय. दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि चांगला कॅलिपर फुकट बदलला जात नाही. (या तपासणीनंतर मात्र त्या चाकाची एअर काढायलाच हवी.)

पेडल दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल आणि गळती कुठेच नसेल, तर दोष मास्टर सिलिंडरमध्येच.

पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्क थंड होऊ देत.

आणि पिस्टन ढकलण्याआधी ऑइलच्या टाकीभोवती फडकं गुंडाळायला सांगितलंत, त्याचेही आभार. ऑइल उतू गेलं तरी गाडीचा रंग वाचतो.

आपले,
घरीच पॅड बदलणारे आम्ही सगळे