हार्डी बंधूंच्या कुस्तीला ‘नुरा’ म्हणू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्ती कंपनीवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळलो. ‘नुरा कुस्ती’. लेखात म्हटलंय की हा सगळा अमेरिकेतला नुरा कुस्तीचा धंदा आहे, बॉडी बनवलेले लोक येतात, खोटं खोटं पडतात आणि रातोरात स्टार होतात, आणि बाजूला फोटो छापलाय तो नेमका हार्डी बॉईज या पैलवान जोडीचा, वर त्यांची सुरुवात 1999 ची म्हणून सांगितलीय. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण छापावं ही विनंती.

आम्ही मिरजेचे. आजोबा तालमीतले, त्यामुळे नुरा हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. जत्रेच्या फडात दोन पैलवान आतून संगनमत करतात, लोक पैसे मोजून, उन्हात बसून बघतात, आणि त्यांना खरी कुस्ती म्हणून खोटी दाखवली जाते, ती नुरा. म्हणजे त्यात फसवणूक पाहिजे. आता अमेरिकेतलं बघा, 1989 मध्ये त्या कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमच्या मॅचचे निकाल आधी ठरलेले असतात, ही करमणूक आहे, आम्हाला खेळाच्या नियमांतून आणि करातून मोकळं करा. त्याला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली. लोकांना माहिती आहे, पैलवानांना माहिती आहे, मग फसवलं कोणाला? निकाल ठरलेला असतो हे मान्यच आहे, पण दहा-बारा फुटांवरून पडणं ठरवून मऊ होत नाही हो.

हार्डी बॉईज म्हणजे दोन सख्खे भाऊ, मॅट आणि जेफ. मॅट 1974 चा, जेफ 1977 चा. गाव कॅमेरॉन, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अगदी खेडं, काहीशे लोकवस्तीचं. वडील तंबाखूची शेती करायचे आणि पोस्टातही कामाला होते. 1986 मध्ये आई ब्रेन कॅन्सरने गेली तेव्हा जेफ नऊ वर्षांचा होता, मॅट त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठा. 1988 च्या रेसलमेनियात, म्हणजे त्या कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, रँडी सॅव्हेज हा पैलवान एका रात्रीत चार मॅचेस जिंकून चॅम्पियन झाला, ते बघून मॅटने ठरवलं की आपण हेच करायचं. घरामागे ट्रॅम्पोलिन होतं, त्याच्यावरच दोघांनी गावातली पोरं जमवून स्वतःची कुस्ती कंपनी काढली, ट्रॅम्पोलिन रेसलिंग फेडरेशन असं नावसुद्धा दिलं, आणि टीव्हीवर जे जे दिसेल ते करून बघायला लागले.

आता ‘रातोरात’चं बघू. टीव्हीवर या दोघांच्या पहिल्या मॅचेस 1994 मध्ये झाल्या. मॅट होता निकोलाय वोल्कॉफसमोर, आणि जेफ रेझर रॅमनसमोर. रेझर रॅमन म्हणजे तेव्हाचा केवढा मोठा स्टार, आणि जेफ सोळा वर्षांचा, अठरा पूर्ण आहेत असं खोटं सांगून आत शिरलेला. दोघेही हरले, आणि हरण्यासाठीच त्यांना बोलावलं होतं. तिकडे अशा पैलवानाला जॉबर म्हणतात. त्याचं काम एवढंच की समोरचा किती ताकदवान आहे हे आपल्या अंगावर घेऊन दाखवायचं आणि जायचं. तालमीत मोठ्या पैलवानाबरोबर लढत करताना नवी पोरं रोज माती खातात ना, तसंच, फरक इतकाच की इथे माती खाताना सगळी अमेरिका बघतेय. पुढची तीन-चार वर्षं कंपनीने बोलावलं की जायचं, हरायचं आणि घरी यायचं, असंच चाललं होतं.

आणि घरी येऊन काय करायचे हे लेखात यायला पाहिजे होतं. तिकडे काउंटी फेअर असते, म्हणजे आपल्या गावजत्रेसारखंच, पाळणे, जनावरं, खाणंपिणं. तिथे हे लोक स्वतः रिंग घेऊन जायचे, स्वतः उभी करायचे, कुस्ती खेळायचे आणि रात्री स्वतःच सोडून गाडीत भरायचे. ड्रेस शिवायला पैसे नव्हते म्हणून मॅट स्वतः शिवणकाम शिकला. डोळ्यासमोर आणा, विशीतला पैलवान गडी, दिवसभर अंग ठेचून घेतलेला, रात्री मशीनवर बसून धाकट्या भावाची चकचकीत पँट शिवतोय. मला त्याच्या सगळ्या चॅम्पियनशिपच्या बेल्टांपेक्षा हे जास्त मोठं वाटतं. इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली होती त्याने, वर्षभरात वडील आजारी पडले म्हणून सोडून घरी आला. 1997 ला एका मित्राला बरोबर घेऊन ओमेगा नावाची छोटी कंपनी काढली. मॅच कोणाची कोणाशी, कोण जिंकणार, कोणाला कुठलं नाव, सगळं बघायचं आणि वर स्वतः खेळायचं. पोरं कमी म्हणून एकेक जण दोन दोन सोंगं घ्यायचा, मॅट कधी ‘सर्ज’ तर कधी ‘हाय व्होल्टेज’, जेफ मुखवटा घालून ‘विलो’. याच ओमेगातला ग्रेगरी हेल्म्स पुढे ‘हरिकेन’ म्हणून गाजला, शॅनन मूरही इथलाच. आपल्याकडे जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, त्यातूनच उद्याचा पैलवान निघतो, तसा या दोघांचा तो रेवड्यांचा काळ होता.

1998 मध्ये कंपनीने कायमचा करार केला, आणि करार केला म्हणून लगेच टीव्हीवर नाही सोडलं तर आधी वस्तादाकडे पाठवलं. वस्ताद कोण, तर डोरी फंक ज्युनियर, 1969 ते 1973 सलग चार वर्षांच्या वर जगज्जेतेपद राखलेला माणूस. त्याच वर्गात कर्ट अँगल पण होता. कर्ट अँगल म्हणजे 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमधला फ्रीस्टाईल कुस्तीचा गोल्ड मेडलिस्ट! खऱ्या कुस्तीतलं सोनं गळ्यात असलेला माणूस या ‘खोट्या’ कुस्तीसाठी पडायचं कसं ते पहिल्यापासून शिकत होता, यावरून काय ते समजून घ्या.

पडणं म्हणजे काय हेही लेखात नव्हतं. रिंगखाली लोखंडी सांगाडा असतो, वर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास, बस्स. पडताना हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, पाठ पूर्ण सपाट टेकवायची म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो, हात बाजूला फेकायचे, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात. जेफचा स्वॉन्टन बॉम्ब सगळ्यांना आठवतो, कोपऱ्यातल्या खांबावरून हवेत गिरकी घेऊन तो पाठीवर उतरायचा. पण खाली जो झोपलेला असतो त्याचं काम कोणी बघत नाही. त्याला मार खाऊन बेशुद्ध असल्यासारखं पडून राहायचं असतं, आणि त्याच वेळी वरून येणारा गडी नीट उतरावा म्हणून अंग बरोबर जागी ठेवायचं असतं. त्याची बरगडी वरच्याच्या हातात आणि वरच्याची मान त्याच्या हातात. आता याला संगनमत म्हणायचं तर म्हणा.

1999 च्या 5 जुलैला फेएटविल या गावी या दोघांनी अकोलाइट्सना, म्हणजे फारूक आणि ब्रॅडशॉ या दोन धिप्पाड गड्यांना हरवून पहिल्यांदा टॅग टीमचा, म्हणजे जोडीच्या कुस्तीचा, बेल्ट मिळवला. फेएटविल त्यांच्याच राज्यात, कॅमेरॉनपासून जवळच, म्हणजे घरच्या लोकांसमोर. वीस दिवसांत तो गेला पण. म्हणजे लेखातली ‘रातोरात’ ही रात्र पाच वर्षांची होती, आणि त्याआधीची ट्रॅम्पोलिनची वर्षं मी धरलेलीच नाहीत.

खरी ओळख झाली त्याच वर्षीच्या 17 ऑक्टोबरला, क्लीव्हलँडमध्ये. समोर एज आणि ख्रिश्चन, तेही यांच्याच वयाचे, यांच्यासारखेच वर यायला धडपडणारे. रिंगच्या वर पैशांची बॅग टांगलेली, शिडीवर चढून जो काढेल तो जिंकला, एक लाख डॉलरचं बक्षीस अशी गोष्ट रचलेली. शिडीची मॅच आधी पण व्हायची पण एकास एक, जोडीविरुद्ध जोडी अशी त्या कंपनीत पहिल्यांदाच. चार पोरं आणि लोखंडी शिड्या. एक शिडी दुसरीवर आडवी टाकून सीसॉ केला, एका टोकावर जेफने वरून उडी मारली आणि दुसरं टोक समोरच्यांच्या तोंडावर आलं. शेवटी बॅग जेफच्या हातात आली. पण दुसऱ्या दिवशीच्या शोमध्ये हरलेले आणि जिंकलेले चौघेही रिंगमध्ये आले तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. निकाल ठरलेला होता हे त्या लोकांना माहिती नव्हतं का? सगळं माहिती होतं, टाळ्या निकालाला नव्हत्याच.

त्यानंतरचं बहुतेकांना माहितीच आहे. डडली बॉईज ही तिसरी जोडी या भांडणात उतरली, 2000 च्या रेसलमेनियात तीन जोड्यांची शिडीची मॅच झाली, ऑगस्टमध्ये रॅलेला, परत यांच्याच राज्यात, टेबल शिड्या खुर्च्या सगळं घेऊन पहिली टीएलसी झाली, आणि 1 एप्रिल 2001 ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये सदुसष्ट हजारांवर लोकांसमोर दुसरी. आम्ही केबलवर बघायचो ते हेच.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण ते या शब्दाशीच जोडलेलं आहे. या दोघांचा एक डाव होता, पोएट्री इन मोशन. समोरचा कोपऱ्यात टेकलेला, मॅट त्याच्यापुढे ओणवा व्हायचा, आणि जेफ पळत येऊन मॅटच्या पाठीवर पाय देऊन उडायचा. मी पण मोठा भाऊ. 2000 च्या मे महिन्याच्या सुट्टीत गच्चीवर गाद्या उन्हाला टाकल्या होत्या. मी ओणवा झालो. धाकटा नऊ वर्षांचा, पळत आला, त्याच्या अनवाणी पायाचा चटका पाठीवर बसला तो मला अजून आठवतो, कारण गच्ची तापलेली होती. तो उडाला, गादीवर पडला आणि गादीच सरकली. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर, शाळा सुरू झाली तरी गळ्यात हात. आई मला एक शब्द बोलली नाही, नुसती बघायची, ते जास्त लागलं.

संपादक साहेब, आम्ही ते का केलं? कारण घरात, शाळेत, शेजारी, सगळे एकच सांगायचे, अरे ते खोटं असतं, त्यांना लागत नसतं. आम्हाला वाटलं खोटं आहे म्हणजे कोणालाच लागत नाही. जर कोणी एकाने सांगितलं असतं की बाळांनो, त्या पोरांनी आठ-दहा वर्षं पडणं शिकून घेतलंय, खाली फळ्या आहेत, आणि तरीही त्यांना लागतंच, तर कदाचित मी ओणवा झालो नसतो. टीव्हीवर घरी करू नका अशी सूचना यायची, पण मोठ्या माणसांच्या ‘खोटं आहे’ पुढे ती सूचना कोण वाचतो. म्हणून तुमच्यासारख्या पेपरात, जो आमच्याकडे घराघरात वाचला जातो, त्यात परत तेच छापून आलं की त्रास होतो.

धाकट्याचा मुलगा आता सात वर्षांचा आहे, मोबाईलवर याच जुन्या मॅचेस बघतो. परवा मला विचारलं, काका हे खरं का खोटं? मी त्याला जवळ घेऊन जेफचा एक स्वॉन्टन थांबवत थांबवत दाखवला, हनुवटी बघ, पाठ बघ, खालच्याचे हात बघ. मग त्याच्या बाबाला बोलावून मनगट वळवून दाखवायला सांगितलं, ते आजही पूर्ण वळत नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. एक, हार्डी बंधूंची सुरुवात 1999 ची नाही, टीव्हीवरचीच धरली तरी 1994 ची आहे, त्याची दुरुस्ती छापा. आणि दुसरं, ‘नुरा’ हा शब्द मागे घ्या. तो शब्द ज्यांनी फडात लोकांना फसवलं त्यांच्यासाठी राहू द्या.

आपला नेहमीचा वाचक,
मिरज