मळणी यंत्र पुन्हा सुरू करायचंय, हातभार हवाय

नमस्कार मंडळी,

आपल्या सामूहिक शेतावरचं जुनं मळणी यंत्र गेल्या सुगीपासून बंद पडून आहे, आणि कधी सुरू करणार म्हणून प्रत्येक जण विचारतोय, तेव्हा नेमकं काय झालंय आणि काय लागणार आहे ते सगळं एकदाच लिहितो.

मागच्या प्रात्यक्षिकाला यंत्र सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. ऑइल इंजिन मस्त ठोके देत होतं, इंजिनावरून यंत्र फिरवणारा पट्टा सरळ पळत होता, आणि मधेच जळक्या तेलाचा वास आला. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिक काकांनी ड्रमच्या, म्हणजे ओंब्यांतून दाणे झोडून काढणाऱ्या फिरत्या पिंपाच्या, शाफ्टच्या बेअरिंगवर हाताची मागची बाजू टेकवली आणि तिथूनच ओरडले, बंद करा. तोवर उशीर झाला होता. बेअरिंगमधला व्हाइट मेटल, म्हणजे लवकर वितळणारा मऊ मिश्रधातू, वितळून खाली लाकडी चौकटीवर ओघळला होता, तेलाने काळ्या पडलेल्या लाकडावर चांदीसारखे चमकणारे चार थेंब. उघडून बघितलं तर तेलाचं भोक भुसकटाने गच्च बुजलेलं. सुरू करायच्या आधी ते भोक तारेने साफ करायला पाहिजे होतं, ते आमच्याकडून राहिलं.

आता काही जण म्हणतात बॉल बेअरिंग बसवून टाका, कटकट संपेल. आम्ही यावर बरीच चर्चा केली आणि माझं स्पष्ट मत आहे की तसं करू नये, कारण त्यासाठी बेअरिंगचं मूळचं बिडाचं घर कापावं लागेल आणि एकदा कापलं की ते परत जुळत नाही. शिवाय व्हाइट मेटलचा गुणच असा आहे की तेल संपलं तर आधी तो स्वतः वितळतो आणि शाफ्ट वाचतो, आपला शाफ्ट आजही गुळगुळीत आहे तो त्याच्यामुळेच. म्हणून नवीन ओतकाम करायचं ठरलंय. घर तापवून घ्यायचं, शाफ्टच्या जागी धरलेल्या मधल्या दांड्याला काजळी धरायची म्हणजे धातू त्याला चिकटत नाही, कडा मातीने लिंपायच्या आणि वितळलेला धातू एका दमात ओतायचा, थांबलं की जोड पडतो. मग शाफ्टला रंग लावून, तो फिरवून, जिथे रंग उमटतो म्हणजे टेकतंय तिथे खरवडत बसायचं. हे काम हाताखालून गेलेले लोक फार थोडे उरलेत. तुमच्या माहितीत कोणी निवृत्त फिटर किंवा ओतकाम करणारे असतील तर कृपया आमची गाठ घालून द्या, पैशापेक्षाही ही मदत आधी हवी आहे.

दुसरा खर्च पट्ट्याचा. कॅनव्हासचा जुना पट्टा जोडापाशी विरलाय आणि आता त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. जुन्या काळी हे पट्टे दीडशे फुटांपर्यंत असायचे, कारण इंजिनाची ठिणगी काडापासून लांब राहिली पाहिजे. मध्ये एक पीळ दिला की पट्टा पुलीला जास्त वेढा घालतो आणि कमी निसटतो. पण तुटला तर चाबकासारखा येतो, म्हणून पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभं राहू देणार नाही, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना पक्कं कुंपण घालायचंय. पाईप, दोर, जाळी, जे पडून असेल ते द्या. आग विझवायची सिलिंडरं पण हवीत, वाळलं काड आणि चालू इंजिन जवळजवळ असताना त्यात तडजोड नको.

तिसरी गोष्ट पैशाने मिळत नाही, ती म्हणजे पेंढ्या. हल्ली गहू उभा असतानाच हार्वेस्टर शिरतो आणि दाणे घेऊन बाहेर पडतो, पेंढी बांधलेली दिसतच नाही. आपल्या यंत्राला मात्र पेंढीच लागते, ती सोडून, ओंब्या पुढे करून, पातळ पसरून द्यावी लागते. घास मोठा झाला की ड्रमचा आवाज एकदम बसतो, आणि तो आवाज ऐकून हात आवरायचा असतो. ड्रम फार जोरात फिरला तर दाणा फुटतो, हळू फिरला तर ओंबीत राहतो. ज्यांनी गहू पेरलाय त्यांनी एक पट्टी हार्वेस्टरपासून राखून ठेवावी, शक्यतो उंच वाढणारा वाण असेल तर उत्तम, कापायला आणि बांधायला आमची माणसं येतील. कापल्यावर चार-पाच दिवस नीट वाळू द्यायचं, दमट काड ड्रमला गुंडाळतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असंही विचारलं जातं. मागच्या वेळी एका शाळकरी मुलीने विचारलं होतं, आधी हे माणसं हाताने करायची ना, मग यंत्र आल्यावर त्यांचं काय झालं? तेव्हा तिला सांगितलं की स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मीकलने १७८६ च्या सुमारास ड्रमचं मळणी यंत्र बनवलं आणि १८३० मध्ये इंग्लंडच्या शेतमजुरांनी अशी यंत्रं फोडून टाकली, कारण मळणी हीच त्यांची हिवाळ्यातली मजुरी होती. ती बराच वेळ त्या फिरत्या ड्रमकडे बघत राहिली. यंत्र नुसतं रंगवून उभं केलं असतं तर तिला हा प्रश्न पडला नसता असं मला मनापासून वाटतं.

तर मंडळी, रोख मदत गटाच्या खात्यात जमा करा, प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशोब शेडच्या फळ्यावर लागेल, कमी-जास्त कितीही चालेल. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी रविवारी सकाळी शेडवर यावं, चाळण्या काढून धुवायच्यात, चौकटीची कुजलेली दोन लाकडं बदलायचीत आणि सगळी तेलाची भोकं साफ करायचीत. येताना सैल कपडे नकोत, आणि धूळ फार असते म्हणून तोंडाला बांधायला मास्क आणा. ज्यांनी पूर्वी पट्टा चढवलाय किंवा ड्रमवर पेंढ्या दिल्यात त्या आजी-आजोबांना आवर्जून घेऊन या, त्यांना काम करायला नको, खुर्ची ठेवतो, फक्त शेजारी बसून आवाज ऐकून सांगावं की बरोबर चाललंय का.