ताईच्या जुन्या लॅपटॉपची डागडुजी

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तू वाचलेल्या गोष्टीचं रेकॉर्डिंग मिळालं. आधी गोष्टीसाठी ऐकलं, मग गोष्ट बाजूला ठेवून तिच्या मागे काय काय वाजतंय ते ऐकलं. पंख्याची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. मधूनमधून हार्ड डिस्क कटकट करते. आणि एका चांगल्या रंगलेल्या प्रसंगात एनव्हीडीए, तुझा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, मध्येच बोलून जातो. वाचन मात्र झकास. तिथे मला काही शिकवायचं नाही.

भाऊजी म्हणाले, नवा लॅपटॉपच घेऊन टाकू. माझं मत विचारशील तर आत्ता नको. एका माणसाचा आवाज रेकॉर्ड करणं हे कॉम्प्युटरच्या दृष्टीने अगदी किरकोळ काम आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक २४ बिटचा, असा चांगल्यापैकी दर्जा धरला तरी एका माइकचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग साडेआठ-नऊ एमबीच्या आत बसतं. तासाभराचं साधारण ५२० एमबी. एवढं लिहून घेणं तुझ्या जुन्या डिस्कलाही सहज जमतं. नवा लॅपटॉप घेतलास आणि त्याचाही पंखा घुमायला लागला, तर पैसे जातील आणि घरघर तशीच राहील.

अडचण वेगळीच आहे. डिस्क कामात अडकली की एनव्हीडीए उशिरा बोलतो. डोळस माणसाला निदान पडद्यावर फिरणारं चक्र दिसतं, तो थांबतो. तू बाण दाबतेस आणि काहीच ऐकू येत नाही. मशीन अडकलंय, की बटण नीट दाबलं गेलं नाही, की रेकॉर्डिंग सुरूच झालं नाही, हे कळायला मार्ग नाही. मग पुन्हा बटण दाबायचं आणि दोन्ही हुकूम एकदम लागू व्हायचे. म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरत्या डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचा. ती चपळ असते हे सगळेच सांगतात. आपल्याला त्याहून मोलाचं म्हणजे तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो, त्यामुळे ती वाजत नाही. ५०० जीबीची पुष्कळ झाली.

विकत घेण्याआधी मॉडेल नक्की कर. विंडोज आणि आर एकत्र दाब, एमएसइन्फो३२ (msinfo32) असं टाइप करून एंटर मार. उघडणाऱ्या यादीत मॉडेल, प्रोसेसर आणि रॅम असं सगळं एनव्हीडीए वाचून दाखवेल. ते मला जसंच्या तसं पाठव. जुन्या लॅपटॉपात बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते, पण काहींत एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, बारकी खाचही असते. साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती; काही खाचा फक्त साटा घेतात आणि काही फक्त एनव्हीएमई. दिसायला पट्टी जवळजवळ सारखीच. दुकानात 'बसेल हो' म्हणाले तर त्यावर जाऊ नका.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करून घ्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या; डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या खाचेत बसतच नाही, आणि डीडीआर३मध्येही १.३५ व्होल्टवर चालणारी 'एल' जातीची वेगळी असते, तेव्हा इथेही मॉडेल पाहूनच. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते. तसं निघालं तर विषय संपला, एसएसडीवर भागवायचं. १६ जीबीचा आग्रह कोणी केला तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. एका आवाजाच्या कामाला ते लागत नाही.

आता भाऊजींसाठी, कारण स्क्रू तेच फिरवणार किंवा दुरुस्तीवाल्यासमोर तेच बसणार. भाऊजी, दुरुस्तीवाला म्हणेल की विंडोज नव्याने टाकतो, मशीन एकदम स्वच्छ होईल. त्याला नको म्हणा. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर करून द्यायला सांगा, म्हणजे क्लोन. साटाला यूएसबी जोडणारी एक वायर आणि थोडा वेळ, एवढंच लागतं. ताईने एनव्हीडीएचा वेग, मराठी आवाज, उच्चारांचे तिने घातलेले शब्द, शॉर्टकट हे सगळं वर्षानुवर्षं बसवलेलं आहे. स्वच्छ मशीन म्हणजे तिच्यासाठी अनोळखी मशीन. विंडोज नव्याने टाकताना कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, सुरू करता येतो, हे खरं. पण त्याआधीचा बायोसचा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगचा, निळा-काळा पडदा मुका असतो. तिथे कुठलाच स्क्रीन रीडर चालत नाही, तिथे तुमचेच डोळे लागतील. मला व्हिडिओ कॉल करा, मी इकडून सांगतो. वेळेची चिंता नको. तुमची सकाळ असली की मी हमखास जागा असतो.

उघडण्याआधी दोन गोष्टी. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडणारा लांबलचक आकडा, आधी लिहून ठेवा. आणि ताई, तू एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून पोर्टेबल कॉपी बनवून पेन ड्राइव्हवर ठेव. बनवताना सध्याची सेटिंग सोबत घेण्याची खूण कर. काही बिघडलं तर कुणाच्याही विंडोजवर तो पेन ड्राइव्ह लावून तुला तुझ्याच आवाजात काम करता येईल.

टचपॅड वर आल्यासारखा वाटतो का, हात फिरवून बघ. तळाचं झाकण फुगलंय का, तेही. तसं असेल तर बॅटरी सुजली आहे. मग बाकीचं राहू दे, चार्जिंग बंद, आणि जाणकाराकडून आधी बॅटरी बदलून घ्या. दाबून बसवायला जाऊ नका. बॅटरी धड असेल तर रेकॉर्डिंग शक्यतो चार्जर काढूनच करत जा. पुष्कळदा जी बारीक गुणगुण येते ती चार्जरमधूनच आलेली असते.

पंखा. झाकण उघडलंच आहे तर धूळ काढून घ्या आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदला. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून खराब होतं. त्यानंतरही घरघर राहिली तर एक युक्ती आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंगमध्ये, प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ करायची. बहुतेक इंटेल लॅपटॉपांत तेवढ्याने प्रोसेसरचं टर्बो, म्हणजे जादा वेग, बंद होतं, मशीन कमी तापतं आणि पंखा खाली बसतो. आवाजाच्या कामात फरक जाणवणारही नाही.

विंडोज १०चं काय, असं तू विचारलंस. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुझा त्याआधीचा निघाला तर हा लॅपटॉप रेकॉर्डिंगपुरता ठेव, नेट तोडून. बँक, मेल वगैरे फोनवर. तसंही वाय-फाय बंद असलं की रेकॉर्डिंगमध्ये येणारे टिकटिक आवाज बरेचदा कमी होतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. लॅपटॉपच्या आतला माइक विसर, आणि माइकचं भोकही. त्यांच्यामागचं सर्किट मीटिंगपुरतं असतं. यूएसबीचं छोटं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी, आणि एक डायनॅमिक माइक घ्यायचा. कंडेन्सर माइक सगळे सुचवतील, पण तो खोलीतला कानाकोपरा उचलतो आणि त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरमधून वीज, द्यावी लागते. डायनॅमिक माइक तोंडाजवळचं घेतो, लांबचं फारसं घेत नाही. तोंडापासून चार बोटं, थोडा तिरपा. तुला अंतर मोजायला हात आहेच.

इंटरफेस निवडताना जाहिरातीतले आकडे बाजूला ठेव आणि बोटांनी निवड. इकडे आमच्या ऑफिसात एक अंध सहकारी आहे, आवाजाचं संपादन करते. तिने घ्यायला ठेवलेली दोन इंटरफेस माझ्यासमोर चाचपली. पहिल्याला गेनचं, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करण्याचं, बटण गोल गोल कितीही फिरणारं, पातळी कळायची ती भोवतीच्या रंगीत दिव्यांवरून. तिने ते लगेच परत सरकवलं. दुसऱ्याच्या बटणाला एक उंचवटा होता, सुरुवातीला आणि शेवटी ते अडत होतं. ४८ व्होल्टचा खटका चालू असला की आत दबलेला राहायचा, बंद असला की वर. 'हे माझ्याशी बोलतं,' म्हणाली आणि तेच घेतलं. तूही हेच बघ. ज्याची निम्मी कामं कॉम्प्युटरवरच्या चित्रमय पॅनेलमधून करावी लागतात ते घेऊ नकोस. ती पॅनेलं बरेचदा स्क्रीन रीडरला दिसतच नाहीत. डायरेक्ट मॉनिटरचा खटका मात्र हवा. त्याने तुझा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ कानात येतो. नाहीतर आपलाच आवाज उशिरा ऐकत वाचायचं म्हणजे जीभ अडखळते.

एनव्हीडीए रेकॉर्डिंगमध्ये घुसतो, त्यावर उपाय असा. त्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओ विभाग आहे. तिथे त्याचा आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डाकडे पाठव आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम फक्त इंटरफेसवर ठेव. दोघांचे रस्ते वेगळे झाले. माझी सहकारी डाव्या कानात लॅपटॉपच्या भोकातून आलेला बारका इअरफोन घालते, आणि उजव्या कानावर इंटरफेसचा बंद पाठीचा हेडफोन. डावीकडे एनव्हीडीए इतक्या वेगाने बोलत असतो की मला एक अक्षर कळत नाही, उजवीकडे ती स्वतःचा श्वास ऐकत असते. हेडफोन बंद पाठीचाच हवा, उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज माइकपर्यंत गळतो. शिवाय एनव्हीडीए, शिफ्ट आणि डी दाबून ऑडिओ डकिंग, म्हणजे एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज हळू करणं, बंद आहे ना ते पाहा, आणि विंडोजचे टिंगटाँग आवाज 'नो साउंड्स' करून टाक.

प्रोग्रामचं थोडक्यात. सुरुवात ऑडॅसिटीवर कर, फुकट आहे आणि कीबोर्डवर चालतं. चुकलेली वाक्यं जोडण्याचं काम वाढलं की रीपर या दुसऱ्या प्रोग्रामकडे जा. ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं. नुसतं रीपर तुला फारसं बोलणार नाही. त्यावर ओसारा नावाचं मोफत एक्सटेन्शन टाकावं लागतं. ते जेम्स टे यांनी सुरू केलं. मायकेल करन यांच्यासोबत एनव्हीडीए उभं करणारे तेच, त्यामुळे गरज काय असते हे त्यांना बाहेरून समजून घ्यावं लागलं नाही. ओसारात पीक वॉचर आहे. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तो सांगतो, मग दिवे बघायला कुणाला बोलवायला नको. या मापात शून्य ही वरची हद्द; तुझा सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. २४ बिटमध्ये थोडं हळू रेकॉर्ड झालं तर नंतर वाढवता येतं. शून्याला धडकून फाटलेला आवाज मात्र पुरता दुरुस्त होत नाही.

सगळं जोडून झालं की काही न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड कर आणि ती डब्ल्यूएव्ही फाइल मला पाठव. व्हॉइस मेसेज म्हणून नको, त्यात आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. एसीएक्ससारख्या ऑडिओबुकच्या ठिकाणी मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. आपण कुठे आहोत ते मी मोजून सांगतो. त्यावरून पडदे, गोधड्या लावायच्या की खोलीच बदलायची ते ठरवू. त्याआधी फोमचे चौकोन विकत घेऊ नका.

एसएसडी आणि रॅमची ऑर्डर मॉडेल कळल्यावर मी इकडूनच देतो. इंटरफेस मात्र तू स्वतः हात लावून घे. भाऊजी, दुकानात तिला बॉक्स उघडून द्यायला लावा, बंद बॉक्सवरचं चित्र दाखवून ते मोकळे होतात.

आईबाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मॉडेलचं तेवढं आजच कळव.

तुझा,
धाकटा